ओएनएमएम रेसिडेन्सी : तीन वर्षं पाठ दाबायला?

कालामाझूकर
काल ग्रुपवर एका बाबांनी विचारलं की मुलगी अमेरिकेत डीओच्या (ऑस्टिओपॅथीची डॉक्टरकीची पदवी, अधिकार एमडीसारखेच) शेवटच्या वर्षाला आहे, ओएनएमएमला (नसा, स्नायू, हाडांवर हाताने करायच्या उपचारांची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं प्रशिक्षण) जायचं म्हणते, जाऊ द्यावं का? त्यावर मेडिसिन_मामा यांचं उत्तर : "तीन वर्षं पाठ दाबायला शिकण्यापेक्षा फॅमिली मेडिसिन कर म्हणावं." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी स्वतः डीओ. फॅमिली मेडिसिन झाल्यावर ओएनएमएमही केलं, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

सगळ्यांना तीन वर्षं लागत नाहीत. थेट आलात तर 36 महिने, इंटर्नशिपचं वर्ष झालं असेल तर 24, दुसरी रेसिडेन्सी पूर्ण असेल तर 12. कॉलेजात ओएमटीचे, म्हणजे हाताने करायच्या ऑस्टिओपॅथिक उपचारांचे, साधारण 200 तास होतात, आणि तिसऱ्या वर्षी रोटेशन सुरू झाली की बहुतेकांचं ते सुटतं, कारण वॉर्डात पेशंटला हात लावून दाखवणारं कुणी नसतं. तबल्यावरचा हात रियाज सुटला की जातो, तसंच हे. ऑपरेशननंतर आतडी सुस्तावलेला पेशंट, अवघडलेली गरोदर बाई, नीट दूध न ओढणारं बाळ, सायटिका, सगळं बघावं लागतं. शिवाय अल्ट्रासाउंडवर बघून सांध्यात इंजेक्शनं. यात पाठ दाबणं कुठे आलं?

मेडिसिन_मामा
नाव घेऊन झोडलंत, आभारी आहे. आता पुराव्याचं बोलू. 2021, जामा इंटर्नल मेडिसिन हे जर्नल, फ्रान्समधली ट्रायल, 400 पेशंट, कंबरदुखी. खऱ्या आणि लुटुपुटूच्या ओएमटीत फरक इतका किरकोळ की पेशंटला तो जाणवेल का, अशी शंका लेखकांनीच काढली. वृद्धांच्या न्यूमोनियाची 2010 ची ट्रायल, 406 पेशंट : इंटेन्शन टू ट्रीटमध्ये, म्हणजे उपचार अर्धवट राहिलेलेही धरून, लक्षणीय फरक नाही. आणि कवटीची हाडं तालात हलतात हा ऑस्टिओपॅथ सदरलँडचा प्रकार अजून शिकवता का? हो की नाही?

कालामाझूकर
फ्रान्सच्या ट्रायलमध्ये उपचार करणारे डॉक्टर नव्हते, तिकडचे ऑस्टिओपॅथ होते. ते सोयीस्कर गाळलंत. न्यूमोनियात ज्यांना ठरलेले उपचार पूर्ण मिळाले ते लवकर घरी गेले, तेही गाळलंत. 1999 च्या एनईजेएम जर्नलमधल्या कंबरदुखीच्या ट्रायलमध्ये ओएमटीचा आणि नेहमीच्या उपचारांचा, दोन्ही गट सारखेच सुधारले, पण ओएमटीवाल्यांना औषधं कमी लागली. ओपिऑइड वेदनाशामकांनी या देशाचं जे केलं ते बघून कमी औषधं ही किरकोळ गोष्ट वाटते तुम्हाला? कवटीचं म्हणाल तर, शिकवतात. मी करत नाही.

मेडिसिन_मामा
"शिकवतात. मी करत नाही." कोमलेक्सला, डीओंच्या लायसन्स परीक्षेला, प्रश्नही येतात ना त्यावर? माझं काम झालं.

पुणे_ते_पिट्सबर्ग
थोडं अवांतर. एमडी-डीओ रेसिडेन्सींना एकत्र मान्यता येण्याआधी एओएच्या (ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांच्या संघटनेच्या) रेसिडेन्सी फक्त डीओंना, आणि डीओ मात्र दोन्हीकडे अर्ज करायचे. आम्ही एमबीबीएसवाले स्टेप परीक्षेचे आकडे घेऊन मॅचची, म्हणजे रेसिडेन्सी वाटपाची, वाट बघत बसायचो. 2020 पासून सगळं एसीजीएमई या एकाच मान्यता संस्थेखाली. ओएनएमएम एमडीलाही खुलं, पण आधी ऑस्टिओपॅथीचं शिक्षण दाखवा म्हणे. ते मी पुण्यातून आणू? यावर कुणी बोलणार नाही, माहीत आहे.

चिंतातुर_बाबा
मूळ प्रश्न माझाच. सगळं वाचतोय. खरं सांगू का, मला काळजी लग्नाची. वधूवर मेळाव्यात एका आईने डीओ ऐकून विचारलं, "मग तिला औषधं लिहून देता येतात का?" आता वर ओएनएमएम कसं समजावू?

सौ_न्यूजर्सी
अगदी अगदी! माझा मुलगा डीओ, अ‍ॅनेस्थेशियात आहे, माणसं बेशुद्ध करतो. तरी सासूबाई गावी सांगतात, "एमडीच आहे, अमेरिकन पद्धतीचा."

मेडिसिन_मामा
सासूबाई इतिहास जाणतात. 1962 साली कॅलिफोर्नियात 65 डॉलर भरून डीओंना एमडी मिळत होतं.

कालामाझूकर
आणि 1974 साली तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने डीओंना पुन्हा लायसन्स द्यायला लावलं. सोयीचं तेवढंच सांगायची खोड जात नाही तुमची. बाबा, तुम्ही रेसिडेन्सी विचारताय की स्थळ?

चिंतातुर_बाबा
दोन्ही. चिडू नका ताई.

मानेने_ग्रस्त
पुरावा राहू द्या बाजूला. माझी मान : एमआरआय झाला, गाबापेंटिनच्या गोळ्या झाल्या, ऑर्थोवाले म्हणाले ऑपरेशनसारखं काही नाही. गाडी मागे घेताना अख्खं अंग वळवायचो. शेवटी ओएनएमएमवाल्या डॉक्टरकडे गेलो. पहिल्या भेटीत त्यांनी निम्मा वेळ नुसतं तपासलं. आता मान वळते.

मेडिसिन_मामा
मान आपोआपही बरी होते.

मानेने_ग्रस्त
मग तुमच्या लोकांच्या गोळ्या चालू होत्या तेव्हा का झाली नाही?

पुणे_ते_पिट्सबर्ग
माझ्या मुद्द्यावर अपेक्षेप्रमाणे शांतता.

मेडिसिन_मामा
बरं, पोरीला करायचंच असेल तर आधी फॅमिली मेडिसिन करावं, मग ते 12 महिने. म्हणजे पोटापाण्याची सोय राहते. ताईंनी स्वतः तेच केलंय, यातच काय ते आलं.

कालामाझूकर
मी केलं ते शैक्षणिक कर्जाकडे बघून. कर्ज नसतं तर थेट 36 महिने केले असते. पण कर्ज असेल तर मामांचा क्रम बरोबर आहे, हे दात-ओठ खात लिहितेय. बाबा, मुलीलाच माझ्याशी बोलू द्या. तिला कोणत्या गावात राहायचंय, स्वतःचं क्लिनिक हवंय की हॉस्पिटलची नोकरी, हे तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही.

चिंतातुर_बाबा
ते मी विचारलेलं नाही. आज विचारतो.

सौ_न्यूजर्सी
विचाराच. आणि पत्रिका व्यनि करा. आमच्याकडे औषधं कोण लिहितं हा प्रश्न येणार नाही.