मदत हवी आहे: पानं गळाली, छाटू की टाकू?

सह्याद्रीवेडा: झाडाची सगळी पानं पिवळी पडून गळाली. वीतभर तपकिरी काड्या उरल्यात. जुलैत पिवळ्या चांदण्यांचे गुच्छ काय सुंदर आले होते! मुळापासून छाटू का? लवकर सांगा, आज कुंडी रिकामी करतोय.

बागेश्री: कुठलं झाड? पाणी किती घालता?

सह्याद्रीवेडा: सेडम, जाड रसाळ पानांचं. पाणी आठवड्यातून एकदा.

अंगणवेल: सेडम पाण्यानेच मरतं. माती झटका, मुळं दोन दिवस सुकवा, मग वाळू नि विटांचा चुरा घालून लावा. पुण्यात मी हेच करते, एकही गेलं नाही.

बागेश्री: अंगणवेलताई, थंडीत मुळं उघडी करायची? ते राहतात कुठे तेच अजून कळलं नाही.

सह्याद्रीवेडा: सॉरी, सुवॉनला, कोरियात. सेडम ताकेसिमेन्से, इथे सॉम-गिरिनछो म्हणतात. मूळ उल्लुंग बेटावरचं.

नावाडी: बेटावरून उपटून आणलंत? उल्लुंग आणि दोक्दो या बेटांच्या कातळांवरच ते निसर्गात वाढतं. दोक्दो तर संरक्षित आहे!

सह्याद्रीवेडा: नाही हो, रोपवाटिकेतून घेतलंय.

नावाडी: मग ठीक. नावातला 'ताकेसिमा' मात्र दोक्दो नव्हे. जपानी लोक आता दोक्दोला ताकेशिमा म्हणतात, पण पूर्वी उल्लुंगलाच म्हणत, म्हणून तिथल्या बऱ्याच झाडांच्या नावात तो शब्द आहे.

आजोळ: पानफुटी याच कुळातली ना? आमची आजी मुतखड्याला द्यायची.

बागेश्री: औषधाचं इथे नको, प्लीज.

गच्चीकर: काहीही छाटू नका! बाकीची गिरिनछो जातीची सेडम हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळतात. याचं तसं नाही. याचा बुडखा लाकडासारखा होऊन जगतो आणि वसंतात त्याच काड्यांना कोंब फुटतात. न्यू जर्सीत माझ्या गच्चीवर दर वर्षी बघतो. नखाने साल खरवडा, आत हिरवं दिसलं तर जिवंत. कुंडी आत आहे की बाहेर?

सह्याद्रीवेडा: आत, बंद बाल्कनीत. गारठेल म्हणून.

अंगणवेल: तरी ओल बघाच.

गच्चीकर: ते बरोबर. पण उल्लुंगवर बर्फाचे ढीग पडतात, थंडीने हे मरत नाही. साचलेल्या पाण्याने मरतं. बाहेर ठेवा, खालची ताटली काढा.

सह्याद्रीवेडा: पाच काड्या खरवडल्या. तीन आतून ओल्या, पोपटी. दोन पोकळ, दाबल्या की चुरा होतो. बुडाशी मोहरीएवढे तांबूस कोंबाचे डोळे आहेत, मला ती कीड वाटली होती! ताटलीत बोटभर पाणी होतं, ओतून टाकलं. पोकळ दोन आत्ताच काढू का?