मदत हवी आहे: तीन वर्षांची लेक शी धरून ठेवते, कमोडवर बसायला घाबरते

गवतीचहा

नमस्कार मंडळी. विषय शीचा आहे, जेवता जेवता वाचत असाल तर ताट उरकून या.

लेक नुकतीच तीन वर्षांची झाली. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिला ताप येऊन गेला, त्यात खाणंपिणं कमी झालं आणि नंतर एकदा फार कडक शी झाली. शेवटी थोडं रक्तही दिसलं. पोर किंचाळली. तेव्हापासून शीचं नाव काढलं की अंग आखडते.

कळ आली की हॉलच्या पडद्यामागे जाते. खिडकीचा गज धरून चवड्यांवर उभी, मांड्या आवळलेल्या, पाय ताठ, तोंड लालबुंद, वरच्या ओठावर घाम. आम्हाला वाटायचं, कुंथतेय. "झाली का गं?" विचारलं की "नाही आली, नाही आली" म्हणून रडते. जरा वेळाने कळ जाते आणि बाईसाहेब काही झालंच नाही अशा थाटात खेळायला पळतात.

असं चार-पाच दिवस चालतं. मग जी होते ती मोठ्या माणसाला होईल एवढी जाड, फ्लशने जातसुद्धा नाही. त्या दिवशी घरात फक्त पेढे वाटायचे बाकी राहतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा येरे माझ्या मागल्या.

शू कमोडवर व्यवस्थित करते, वर छोटी सीट लावून. शीसाठी बसवलं की मात्र माझ्या गळ्याला मिठी मारून लटकते. फ्लशचा आवाजही नको. शी करायचीच झाली तर डायपर मागते, आणि करते तीही उभ्याने.

आता नवीन प्रकार सुरू झालाय. दिवसभर चड्डीला थोडं थोडं पातळ, पिवळट लागतं. तिला ते लागल्याचं कळतही नाही. सासूबाई म्हणतात जुलाब होताहेत, साबुदाण्याची पेज द्या. मला काही ते पटत नाहीये.

करून झालेले उपाय: रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, कोमट दुधातून तूप, अंजीर, पपई (थुंकते). डॉक्टरांनी लॅक्टुलोजचं सिरप लिहून दिलं होतं, त्याने छान फरक पडला. बाटली संपली, तेवढंच लिहिलेलं होतं म्हणून थांबलो, आणि आठवड्याभरात गाडी मूळपदावर. खाणं म्हणजे वरणभात, दहीभात, पोळीचे दोन घास, बिस्किटं. भाजी फक्त बटाट्याची. दूध भरपूर, अजून बाटलीनेच पिते.

माझे प्रश्न: औषध किती दिवस द्यायचं, त्याची सवय लागते का? चड्डीला लागतं ते काय आहे? आणि मुख्य म्हणजे ही भीती घालवायची कशी? दिवाळीनंतर प्लेग्रुपला घालायचंय, तिथे डायपर चालत नाही असं स्पष्ट सांगितलंय. घरात रोज यावरून वाद. कोणी यातून गेलंय का?

ओसरी

अगं, घाबरू नकोस. माझ्या धाकट्याने असाच जीव काढला होता. आमच्या वेळी बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की आई जमिनीवर पाय पसरून बसायची आणि बाळाला दोन्ही पावलांवर बसवायची. बाळाचे गुडघे पोटाशी यायचे, पाठीला आईच्या नडग्यांचा टेकू. रोज सकाळी तीच वेळ, तीच जागा. दूध पोटात गेल्यावर बसवायचं, घाई करायची नाही, गाणं म्हणायचं. तुझी लेक आता मोठी आहे, पण उकिडवं बसायची सवय लाव. कमोडवर पाय लोंबकळत ठेवून जोर कुठून येणार?

बाकी, फारच अडलं तर विड्याच्या पानाच्या देठाला एरंडेल लावून आम्ही जरासा आत घालायचो. लगेच मोकळं व्हायचं.

कडुलिंब

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे डोस इथे सांगणार नाही, तो वजनावर ठरतो. बाकीचं सांगतो.

आधी चड्डीला लागतंय त्याबद्दल, कारण तिथेच गोंधळ होतो. हे जुलाब नसण्याची शक्यता जास्त आहे. गुदाशयात शीचा मोठा खडा साठून बसतो आणि वरची पातळ शी त्याच्या कडेने झिरपते. मुलांना ते जाणवत नाही, कारण सतत भरून राहिल्याने गुदाशय सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखा झालेला असतो आणि 'आता जायला हवं' ही जाणीवच बोथट होते. म्हणून तिला रागावू नका, ती मुद्दाम करत नाहीये. साबुदाण्याची पेज नको. जुलाब थांबवणारं औषध तर अजिबात नको.

पडद्यामागे जे चालतं ते कुंथणं नाही, शी आत ओढून धरणं आहे. एकदा दुखलं म्हणून धरली, धरली म्हणून आतड्याने त्यातलं पाणी आणखी शोषलं, म्हणून ती आणखी कडक झाली, म्हणून पुन्हा दुखलं. हे चक्र दुखण्यापाशी तोडावं लागतं. शी काही आठवडे सलग मऊ आणि न दुखता झाली की मूल स्वतःच विश्वास ठेवायला लागतं. त्याआधी कमोडचं कितीही कौतुक करा, उपयोग नाही.

डॉक्टर आधी पोट तपासून खडा साठलाय का ते बघतील. साठला असेल तर तो काढायला सुरुवातीचे काही दिवस मोठा डोस लागतो, मग रोजचा छोटा. एक वर्षाच्या वरच्या मुलांना हल्ली बहुधा पॉलीइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. ती रक्तात जवळपास जात नाही, पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते. जितक्या पाण्यात मिसळायला सांगतील तितक्याच पाण्यात मिसळा. लॅक्टुलोजही चालतं, काही मुलांना त्याने गॅस होतो.

सवय लागत नाही. उलट लवकर बंद केल्यामुळेच बहुतेक मुलं परत येतात. युरोप आणि अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली एकत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार रोजचं औषध किमान २ महिने, त्रास पूर्ण थांबून किमान १ महिना झाल्यावरच कमी करायला घ्यायचं आणि तेही हळूहळू. ज्या मुलांचं टॉयलेट ट्रेनिंग चालू आहे त्यांचं औषध ते ट्रेनिंग पूर्ण होईपर्यंत थांबवू नये, असंही त्यात आहे. तुमच्या लेकीला हे तंतोतंत लागू पडतं.

ओसरीताई, बसण्याबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. जेवणानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, त्यामुळे नाश्ता आणि रात्रीचं जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटं बसवणं हेच आम्हीही सांगतो. पण देठ नको, साबणाची कांडी नको, एरंडेल पाजणंही नको. तिथे चीर पडलेली असू शकते. आणि ज्या मुलाला त्या जागेची आधीच धास्ती आहे, त्याला धरून तिथे काही घातलं की भीती पक्की होते.

लगेच दाखवायची लक्षणं: पोट फुगून कडक होणं, हिरवी उलटी, ताप, वजन न वाढणं, चीर दिसत नसताना वारंवार रक्त, पायांत अशक्तपणा. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांनंतर झाली असेल किंवा पहिल्या महिन्यापासूनच त्रास असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही. लोहाचं सिरप चालू असेल तर तेही सांगा, त्यानेही काही मुलांना शी कडक होते.

चकलीचा सोऱ्या

डॉक्टरांनी औषधाचं सांगितलंच, मी बापाच्या खात्यातलं सांगतो.

डायपर काढून घेऊ नका! डायपर मागते म्हणजे कळ ओळखते आणि तुम्हाला येऊन सांगते, अर्धं काम झालंय. आमच्या चिरंजीवांचं असं होतं: आधी डायपरमध्ये, पण बाथरूममध्ये उभं राहून. ते अंगवळणी पडल्यावर डायपर लावून, झाकण बंद केलेल्या कमोडवर बसून. मग झाकण उघडं, वर छोटी सीट, डायपर अंगावर. मग डायपरला खालून भोक पाडलं. हसू नका, साहेब त्या भोकाच्या डायपरवर कितीतरी दिवस खूश होते. एके दिवशी डायपर लावायचाच विसरला. प्रत्येक पायरी त्याच्या मर्जीने. कुरबुर केली की एक पायरी मागे.

पायाखाली स्टूल हवंच. गुडघे कमरेच्या वर यायला पाहिजेत. आम्ही आंघोळीचा पाट दोन विटांवर ठेवला होता, पण तो हलत नाही ना ते आधी स्वतः उभं राहून बघा.

आणि 'जोर लाव' म्हणू नका. ही मुलं जोर लावताना नेमकं उलटं, आवळून धरतात. साबणाचे फुगे उडवायला द्या, नाहीतर जत्रेतली पिपाणी. फुंकताना पोटाला आपोआप जोर येतो आणि खालचं सैल पडतं. शेजारी विचारायचे, रोज सकाळी साडेआठला तुमच्याकडे पिपाणी कोण वाजवतं?

फ्लश ती बाहेर गेल्यावर करा. काही दिवसांनी 'तूच बटण दाब' म्हणा. आवाज आपल्या हातात आला की भीती कमी होते.

थेम्सकाठ

आम्ही इंग्लंडात आहोत. इथेही तीच पावडर पहिलं औषध म्हणून देतात, नाव मॅक्रोगॉल. इथल्या नाइस या सरकारी संस्थेच्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की बद्धकोष्ठ झाल्यावर पहिला उपाय म्हणून फक्त आहारबदलावर विसंबू नये. मला हे वाचून फार हायसं वाटलं होतं, कारण भारतातून रोज फोनवर 'भाज्या खायला घाल' ऐकत होते. खात असती तर घातल्या नसत्या का!

एक सूचना: खडा निघायला लागला की पहिले काही दिवस चड्ड्या जास्त खराब होतात. औषध बाधलं असं समजून बंद करू नका. त्या दिवसांत बाहेरचे कार्यक्रम ठेवू नका, एवढंच.

गवतीचहा

सगळ्यांचे मनापासून आभार. चड्डीबद्दलचा परिच्छेद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. "मग हे आधी का नाही सांगितलं कुणी?" म्हणाल्या. पेज बंद. देठाचा विषय त्यांच्याही मनात होता असं आता कळलं.

डॉक्टर, दुधाचं काय करू? अर्ध्या लिटरची पिशवी जवळपास ती एकटीच संपवते, शिवाय दुपारची बाटली वेगळी. आणि इसबगोल देऊ का? नवरा विचारतोय.

कडुलिंब

दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीच्या आत आणा, दही-ताक त्यात धरा, आणि बाटलीऐवजी कप. दुधाने पोट भरलं की पोळी-भाजीला जागाच उरत नाही, खरी अडचण ती. दुपारची बाटली पहिली बंद करा. रडेल. दोन-चार दिवस.

इसबगोल आत्ता नको. आत खडा असताना वरून चोथा वाढवला तर अडकलेलं आणखी अडकतं, आणि त्याला पाणीही भरपूर लागतं, जे ही मुलं पीत नाहीत. तंतुमय खाणं वयाला साजेसं असलं की पुरे. एक जुना ठोकताळा आहे, वय अधिक ५, म्हणजे तिला रोज साधारण ८ ग्रॅम. पिकलेल्या पेरूच्या १०० ग्रॅममध्येच ५ ग्रॅमच्या वर तंतू असतात. पेरूच्या बियांनी पोट बांधतं म्हणतात म्हणून बरीच घरं तो देत नाहीत. बिया काढून द्या, वाद मिटला. बटाटा आवडतो ना? पराठ्याच्या बटाट्यात मटार, मेथी लपवा. कणीक न चाळता मळा. बिस्किटं मात्र घरात आणूच नका.

गवतीचहा

अपडेट देते. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, डावीकडे खाली माझा हात धरून मलाही लावायला दिला. खडे चक्क हाताला लागत होते! पावडर सुरू केली. थेम्सकाठ, तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, पहिले दोन दिवस चड्ड्या धुऊन हात दुखले. नवरा 'थांबवूया का' म्हणालाच, त्याला तुमचा प्रतिसाद दाखवला. मग जे काय मोकळं झालं ते इथे लिहीत नाही. पोट सपाट झालं आणि पोरीने त्या रात्री दोन पोळ्या खाल्ल्या, आपणहून.

आता रोज किंवा दिवसाआड मऊ शी होते, चड्डीला लागणं जवळपास थांबलंय. पडद्यामागे अजून जाते, पण तिथून "आई, डायपर" अशी ऑर्डर येते. बाथरूमपर्यंत आलोय. झाकणावर बसायला अजून तयार नाही. पिपाणी आजोबांनी आणली, तिच्यापेक्षा तेच जास्त वाजवतात.

प्लेग्रुपचं मात्र अडलंय. दिवाळीपर्यंत डायपर सुटेल असं वाटत नाही. काय करू?

ओसरी

एक सत्र उशिरा घाल. प्लेग्रुपच तर आहे, कुठे दहावीची परीक्षा बुडतेय?

चकलीचा सोऱ्या

किंवा बाईंना प्रत्यक्ष भेटून सांगा की शू ती नीट सांगते, चड्डीवर येईल, शी घरी नाश्त्यानंतर होते. दोन तासांची शाळा असते. एक जास्तीची चड्डी आणि ओले पुसायचे कागद पिशवीत द्या. आमच्याकडे डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी नेली होती, 'उपचार चालू आहेत, शौचासाठी जबरदस्ती करू नये' अशी. ती दाखवल्यावर बाई तयार झाल्या. तुमच्या बाई तयार होत नसतील तर ओसरीताई म्हणतात तेच. पण प्लेग्रुपच्या तारखेसाठी डायपर ओढून काढू नका, आणि पावडर तर मुळीच थांबवू नका.

गवतीचहा

चिठ्ठीचं सुचलंच नव्हतं. सोमवारी पुन्हा दाखवायचंच आहे, तेव्हा मागून घेते.