मदत हवी आहे: हस्तलिखित देवनागरी अंक ओळखणारं मॉडेल

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हाताने लिहिलेले देवनागरी अंक ओळखणारं मॉडेल करतोय. यूसीआयच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, अर्व्हाइन) डेटासेटमध्ये प्रत्येक अंकाच्या २,००० इमेज आहेत, ३२×३२ पिक्सेलच्या. आधी लॉजिस्टिक रिग्रेशन (वर्गीकरणाची साधी पद्धत), मग छोटं सीएनएन (इमेज ओळखायला वापरतात ते न्यूरल नेटवर्क), एवढं ठरलंय.

खरा प्रश्न टेस्टिंगचा आहे. मोबाइलवर काढलेल्या फोटोत उजेड, वहीच्या रेघा, पेनाची जाडी सगळंच बदलतं, म्हणून ओळखीच्यांकडून अंक लिहून घेऊन वेगळा टेस्ट सेट (मॉडेल तपासायच्या इमेज) करायचाय. त्यातला काही भाग ट्रेनिंगलाही (मॉडेलला शिकवायलाही) वापरावा का? तसं केल्यास विभागणी माणसांनुसारच हवी, नाहीतर एकाच हाताचं अक्षर दोन्हीकडे येऊन अचूकता उगाच फुगेल. साधारण किती जणांचं अक्षर पुरेल? १ आणि ९ ची गल्लत कशी कमी केलीत, तेही सांगा.