छोट्या कराटे वर्गात पाहुणे प्रशिक्षक बोलावताना मानधन कसे ठरवावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. कराडमध्ये आम्ही तिघे ब्लॅक बेल्टधारक मिळून एक छोटा कराटे वर्ग चालवतो. एका शाळेचे सभागृह संध्याकाळी भाड्याने मिळते, मुलांची संख्या चाळिसाच्या आसपास असते आणि मासिक शुल्क 500 रुपये आहे. काही मुलांना सवलत दिलेली आहे. भाडे, आम्हा तिघांचे ठरावीक मानधन आणि स्पर्धांचा खर्च वजा जाता महिन्याकाठी चार-साडेचार हजार रुपये उरतात. संस्था रीतसर नोंदणीकृत आहे.

यंदा दोन पाहुणे प्रशिक्षक बोलावण्याचा विचार आहे. पुण्यातील एक ज्येष्ठ सर दिवाळीच्या सुटीत दोन दिवसांचे शिबिर घेण्यास तयार आहेत; काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा एकट्याने करायचा क्रम, आणि त्यातील हालचालींचा प्रत्यक्ष उपयोग, म्हणजे बुनकाई, हा त्यांचा हातखंडा विषय आहे. दुसरे सांगलीचे एक ज्युदो प्रशिक्षक आहेत, जे महिन्यातून एक रविवार येऊन मुलांना पडण्याचे तंत्र आणि फेक शिकवतील. दोघांनाही मानधनाविषयी विचारले असता, "तुम्हाला जमेल ते द्या" एवढेच उत्तर मिळाले.

आमच्याकडील आजवरची रीत अशी की शाल, श्रीफळ आणि एक पाकीट द्यायचे, आणि पाकिटातील रक्कम त्या दिवशी किती मुले आली हे पाहून संध्याकाळी ठरवायची. ही रीत यापुढे चालू ठेवू नये असे मला मनापासून वाटते. मग ठरावीक रक्कम द्यावी की जमलेल्या शुल्कातील वाटा द्यावा? प्रवास आणि राहण्याचा खर्च कसा धरावा? संस्थेच्या हिशेबात हे कसे दाखवावे? ज्यांनी असे पाहुणे बोलावले आहेत किंवा जे स्वतः पाहुणे म्हणून जातात, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उकेमी

मी नाशिकला ज्युदो शिकवतो आणि इतर वर्गांच्या निमंत्रणावरून अधूनमधून बाहेरगावी जातो, म्हणून पाहुण्याच्या बाजूने लिहितो.

ठरावीक रक्कम द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिबिराला पंधरा मुले आली की पन्नास, हे पाहुण्याच्या हातात नसते. तारीख तुम्ही ठरवता, पालकांना तुम्ही कळवता, त्याच दिवशी गावात लग्न किंवा शाळेची परीक्षा आहे का हे तुम्हालाच ठाऊक असते. त्यामुळे उपस्थिती कमी राहण्याची जोखीम संस्थेने घ्यावी, पाहुण्यावर ढकलू नये. शिवाय मॅटवरचे दोन तास दिसतात, पण त्यासाठी आख्खा रविवार जातो, आणि त्या दिवशी माझा स्वतःचा वर्ग सांभाळणाऱ्या सहायकाला मला पैसे द्यावेच लागतात.

"आपले मानधन किती?" असा प्रश्न आपल्याकडच्या ज्येष्ठ माणसाला फार अवघडात टाकतो. त्याऐवजी आकडा तुम्हीच आधी सांगावा आणि तो पुरेसा आहे का, एवढे विचारावे. रक्कम लहान असली तरी आधी सांगितलेली असेल तर मान राखला जातो, हा माझा अनुभव आहे.

ज्युदोच्या सरांविषयी मात्र एक गोष्ट पैशांच्याही आधी पाहायला हवी. तुमच्या सभागृहात कराटेसाठी वापरतात ती 20 मिलिमीटरची जोडणीची मॅट असेल, तर तिच्यावर फेक शिकवणे धोक्याचे आहे; खाली शहाबादी फरशी असेल तर अधिकच. फेकीसाठी निदान 40 मिलिमीटरची मॅट हवी. ती नसेल तर पहिले काही रविवार बसून आणि उकिडवे राहून पडण्याचा सराव व जमिनीवरील पकडी, म्हणजे ने-वाझा, एवढेच ठेवावे आणि सरांना हे आधी कळवावे. फेक शिकवायची म्हणून कोणी सांगलीहून येतो आणि मॅट पाहून सगळा पाठ बदलतो, असे होता कामा नये.

ठाण्याचा डोजो

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. आमच्याकडे नामांकित प्रशिक्षकांची शिबिरे होतात तेव्हा खर्च वजा जाता उरलेल्या शुल्काचा 60 टक्के वाटा पाहुण्यांना आणि 40 टक्के संस्थेला, असे ठरलेले असते. ज्यांच्या नावावर चार इतर वर्गांतील विद्यार्थीही येतात, त्यांना ठरावीक रक्कम देणे म्हणजे त्यांच्या नावाचे उत्पन्न संस्थेने ठेवून घेणे होय.

उकेमी

आपला मुद्दा मोठ्या शहरातील खुल्या शिबिराला लागू पडतो, हे मान्य आहे. येथे मात्र येणारी मुले वर्गातीलच आहेत, त्यामुळे वाट्याने काही वाढण्याची शक्यता नाही, घटण्याची मात्र आहे. वाटा द्यायचाच असेल तर किमान रक्कम पक्की ठरवावी आणि त्यावर जे जमेल त्याचा वाटा द्यावा.

दुसरे म्हणजे, पाहुण्याचे मानधन ठरवताना तुमच्या वर्गातील नियमित प्रशिक्षक रोज येऊन महिनाभर किती घेतात, हे विसरू नये. पाहुण्याला दोन दिवसांत त्यांच्या महिनाभराच्या मानधनापेक्षा जास्त मिळणार असेल, तर त्या तिघांनी एकत्र बसून ते आधी मान्य केलेले असावे. ही नाराजी कोणी बोलून दाखवत नाही, पण वर्ग फुटतात ते अशाच कारणांनी.

तालमीतला

मी कोल्हापूरचा आहे आणि मर्दानी खेळाच्या आखाड्यात वाढलो आहे. आमच्याकडे लाठी, दांडपट्टा, फरी-गदका शिकवणारे वस्ताद मुलांकडून फी घेत नसत, आणि आजही अनेक जण घेत नाहीत. पण त्यामागे पेठेतील तालमीचा आधार असे, सणावाराला मान असे, आणि वस्ताद त्याच गल्लीत राहत असत. तोच वस्ताद तुम्ही दुसऱ्या गावी बोलावता तेव्हा हा आधार त्याच्यासोबत येत नाही. त्याला शस्त्रे घेऊन यायला गाडी लागते, सोबत निदान एक पोरगा लागतो आणि दिवसाचे काम बुडते. म्हणून परंपरेचे नाव सांगून कोणाला नुसत्या फेट्यावर आणि नारळावर परत पाठवणे मला पटत नाही. फेटा आणि शाल अवश्य द्या, ती सन्मानाची खूण आहे. मात्र ती मानधनाच्या जागी देऊ नका आणि पाकीट व्यासपीठावर सर्वांसमोर हातात देऊ नका. "जमेल ते द्या" असे म्हणणारा माणूस घासाघीस टाळत असतो. त्याच्या त्या मोठेपणाचा फायदा घेऊन रक्कम कमी करू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

हिशेबनीस

संस्थेच्या हिशेबाबद्दल लिहितो. नोंदणीकृत संस्थेने प्रशिक्षकाला दिलेले मानधन हे आयकराच्या तरतुदीनुसार व्यावसायिक शुल्कात मोडते. 2008 च्या अधिसूचनेने क्रीडा प्रशिक्षकांचा समावेश या तरतुदीत स्पष्टपणे केलेला आहे. एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात दिलेली एकूण रक्कम 50,000 रुपयांपेक्षा जास्त झाली तर 10 टक्के करकपात करावी लागते. ही मर्यादा आर्थिक वर्ष 2025-26 पासूनची आहे, त्यापूर्वी ती 30,000 होती. कपात करायची वेळ आली आणि प्रशिक्षकांनी पॅन दिलेला नसला तर कपात 20 टक्क्यांनी होते, म्हणून पॅन सुरुवातीलाच मागून ठेवावा. आपल्या दोन्ही पाहुण्यांची वर्षाची रक्कम बहुधा मर्यादेच्या आतच राहील. वर्ग संस्थेच्या नावावर नसून एखाद्या व्यक्तीच्या स्वतःच्या नावावर असेल आणि उलाढाल लहान असेल, तर सहसा ही कपात लागू होत नाही.

एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने देऊ नये, अन्यथा तो खर्च ग्राह्य धरला जात नाही. विश्वस्त संस्थांनाही हा नियम लागू आहे. प्रवासखर्च तिकिटे किंवा पावत्या घेऊन वेगळा दाखवावा, मानधनात मिसळू नये. कार्यकारिणीचा ठराव इतिवृत्तात आधी नोंदवावा आणि पैसे दिल्यावर व्हाउचरवर सही घ्यावी. पाहुणे जर संस्थेच्या एखाद्या विश्वस्ताचे नातेवाईक असतील तर मात्र ठराव करण्यापूर्वीच आपल्या लेखापरीक्षकांशी बोलून घ्यावे.

त्याच शिबिरात बेल्टची परीक्षा घेणार असाल, तर परीक्षेचे शुल्क आणि परीक्षकाचे मानधन स्वतंत्र ठेवावे. शिबिराला आलेल्या मुलाला बेल्ट मिळतोच, असा पालकांचा समज होऊ देऊ नये.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही तिघांनी बसून हिशेब मांडला. शिबिरासाठी मानधन 12,000, प्रवास 1,500, निवास 2,000 आणि सभागृहाचे जादा भाडे 1,000, असे एकूण 16,500 रुपये होतात. मुलांकडून प्रत्येकी 400 रुपये घेतले आणि तीस मुले आली तर 12,000 जमतील. उरलेले 4,500 संस्थेच्या शिलकीतून देऊ. ज्युदोच्या सरांना दर रविवारी 2,000 आणि प्रवास वेगळा, आणि हा खर्च मासिक शुल्कातूनच करायचा, त्यासाठी पालकांकडून वेगळे पैसे मागायचे नाहीत, असे ठरले. आमची मॅट 20 मिलिमीटरचीच आहे, त्यामुळे तूर्त फेक थांबवून पडण्याचा सराव एवढेच ठेवतो.

पुण्याच्या सरांना पुढील मजकूर पाठवत आहे. त्यात काही कमी-जास्त वाटल्यास सुचवावे.

"आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. दोन दिवसांच्या शिबिरासाठी संस्थेतर्फे आपल्याला 12,000 रुपये मानधन देण्याचे ठरवले आहे. येण्या-जाण्याचा प्रवास, निवास आणि भोजन यांची व्यवस्था संस्था करील. मुलांची संख्या कमी-जास्त झाली तरी या रकमेत बदल होणार नाही. ही रक्कम आपल्याला अपुरी वाटत असल्यास कृपया मोकळेपणाने कळवावे."

तालमीतला

मजकूर उत्तम आहे, पण सर ज्येष्ठ आहेत, त्यामुळे आधी फोन करून रक्कम तोंडी सांगा आणि मग हा निरोप लेखी पाठवा. दोन वाक्ये वाढवावीत असे सुचवतो. पैसे केव्हा आणि कसे मिळतील हे त्यात यावे, आणि शिबिर तुमच्याकडून शेवटच्या आठवड्यात रद्द झाले तर किती रक्कम द्याल हेही यावे. निम्मे मानधन आणि काढून झालेल्या तिकिटाचे पैसे दिले तर ते रास्त होईल. संस्थेच्या धनादेशावर दोघांच्या सह्या लागत असतील तर त्या शुक्रवारीच घेऊन ठेवा, म्हणजे रविवारी शिबिर संपल्यावर सरांना पुण्याची गाडी गाठायची असताना कोणी सहीसाठी धावाधाव करणार नाही.