मदत हवी आहे: २^६७ − १ चे अवयव पोलार्डच्या 'पी उणे एक' पद्धतीने

संख्या १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. १६४४ मध्ये गणितज्ञ मर्सेनने ती मूळ संख्यांच्या यादीत घातली, १८७६ मध्ये ल्युकासने संयुक्त ठरवली आणि १९०३ मध्ये कोलने अवयव दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. उत्तर माहीत असल्याने प्रोग्राम तपासायला ही सोयीची.

पद्धत थोडक्यात: एक छोटी संख्या (पाया) घेऊन तिला बऱ्याच लहान मूळ संख्यांच्या गुणाकाराइतक्या घातावर चढवायचं, त्यातून १ वजा करायचा आणि दिलेल्या संख्येशी मसावि काढायचा. एखाद्या अवयवातून १ वजा केल्यावर फक्त लहान मूळ संख्याच उरत असतील, तर तो अवयव मसाविमध्ये सापडतो. पहिल्या टप्प्यात एका मर्यादेपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या घेतात, दुसऱ्यात त्याहून मोठी एखादीच. इथे लहान अवयवातून १ वजा केला की २³ × ३³ × ५ × ६७ × २६७७ उरतं. म्हणजे पहिल्या टप्प्याची मर्यादा १०० आणि दुसऱ्याची ३००० पुरायला हवी. मूळ संख्यांचे घातही घ्यायचे (२७ साठी ३ एकदाच घेऊन चालत नाही). पाया २ मात्र इथे कुचकामी: घातांकात ६७ आला की बाकी थेट १ येते आणि मसावि म्हणून अख्खी संख्याच हातात पडते. म्हणून पाया ३ घेतला आहे.

अडचण गुणाकारात आहे. संख्या ६७ बिटांची, गुणाकार १३४ बिटांपर्यंत जातो, त्यामुळे १२८ बिटांचा पूर्णांक प्रकारही वरचे बिट गुपचूप गाळतो. एरर येत नाही, फक्त मसावि १ येत राहतो. बाकी काढणं सोपं आहे: खालचे ६७ बिट अधिक वरचे, भागाकार नकोच.

प्रश्न दोन. ३४ आणि ३३ बिटांचे तुकडे करून मधली बेरीज (तुकड्यांच्या तिरक्या गुणाकारांची) कुठे दुमडावी (म्हणजे ६७ च्या वरचे बिट खाली मिळवावेत), की सरळ मोठ्या पूर्णांकांची लायब्ररी वापरावी? आणि दुसऱ्या टप्प्यात मसावि किती मूळ संख्यांनंतर काढता? फार उशिरा काढला तर दोन्ही अवयव एकत्र सापडायची भीती वाटते.