मुलगा १८ चा होतोय, आधी काय करावं?

प्रश्न: मुलगा १७ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता, विशेष शाळेत आहे. शाळा सुटण्याआधी काय उरकून ठेवू?

उत्तर १: यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) तात्पुरतं असेल तर त्याची मुदत बघा. १८ नंतर त्याच्या वतीने सही करायचा तुमचा हक्क आपोआप टिकत नाही, आणि पहिलं घोडं अडतं ते बँकेत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करा.

उत्तर २: ताई, हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा कमी असणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेपुरताच आहे. अंध किंवा कर्णबधिर मुलांचे पालक उगाच त्यामागे धावतात. सज्ञान झाली की त्यांची सही त्यांचीच.

उत्तर ३: कागद होतील हो, एकट्याने प्रवासाचं काय? तो शेवटाकडून शिकवा. समजा शाळेनंतर तो कामाच्या कार्यशाळेत बसने जाणार, तर आधी फक्त स्टॉपपासून कार्यशाळेपर्यंत त्याला पुढे चालू द्या, तुम्ही मागे. ते जमलं की उतरणं, मग तिकीट, सगळ्यात शेवटी बस ओळखणं. नेमके सुट्टे पैसे हातात देऊ नका. एखाद दिवशी तिकीट वाढतं, कंडक्टर जास्त मागतो आणि पोरगं गांगरतं. थोडे जास्तच द्या, उरलेले परत घ्यायची सवय लागू द्या.

प्रश्नकर्ती: आणि बस आलीच नाही तर?

उत्तर ३: तेही मुद्दाम शिकवायचं. कोणाला फोन करायचा ते खिशातल्या कार्डावर लिहा.