नाशिकच्या पोरांच्या गाण्यात नाशिक शोधणाऱ्यांना

सातपूरकर:
काल इथे एक पोस्ट आली. "नाशिकच्या नव्या पोरांची गाणी डोळे मिटून ऐका, मुंबईच्या अंधेरीतली वाटतात. ना ढोल, ना गोदाघाट, ना आरतीचा सूर. मुळंच तुटलीत." खाली बारा जणांनी हात जोडलेले. झोप लागेना म्हणून उठून लिहितोय.

ढोल टाकला की झालं का नाशिक? आमच्या घरामागे प्रेसशॉप होतं, पत्रा दाबायचा कारखाना. रात्रपाळीला पॉवर प्रेसचा धप्प, मध्ये पत्रा सरकवल्याची किर्र, परत धप्प. पत्रा सरकवणारा दमला की पुढचा धप्प उशिरा. अठरा वर्षं त्यावर झोपलो. माझ्या ट्रॅकमध्ये स्नेअर, म्हणजे ठेक्याचा तो कडक ड्रम, जरासा मागे पडतो तो चुकून नाही पडत.

आणि १४ एप्रिलची रात्र. चौकात गायन पार्टी, वामनदादांची गाणी, आम्ही पोरं स्टेजखाली. वामनदादा कर्डक आपल्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. चार ओळीत समोरच्याला उभं कसं करायचं ते रॅपवाल्यांनी तिथून उचललंय, न्यूयॉर्कहून नाही. घाट आठवतो, आरती आठवते, भीमगीत कसं नाही आठवत? का, ते सांगायला नको.

गोदाकाठची:
पोस्ट माझी. "सांगायला नको" म्हणजे काय? सांगाच. काळारामाच्या मागच्या गल्लीत वाढलेय, १९३० चा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह आमच्याकडे आजीने सांगितलाय, पुस्तकातून नाही कळला. भीमगीत राहिलं, चुकलं, ठीक. पण एक विसरले म्हणून लगेच माझं सगळं खानदान काढू नका.

मुद्दा तोच आहे. प्रेसशॉपचं तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. गाणं ऐकून कळलं असतं? मी ऐकलंय तुमचं. पहिलं मिनिटभर नुसतं ऑटोट्यून, म्हणजे मशीनने सुरात बसवलेला आवाज, आणि "ब्रो". गवई विष्णु दिगंबरांनी ज्या गावात आश्रम काढला, त्यांचे चिरंजीव द. वि. पलुसकर जिथे जन्मले, तिथल्या पोरांना तानपुरा जुळवता येऊ नये?

प्लगइनभक्त:
ताई, तानपुऱ्याचं ॲप आहे. फुकट.

भद्रकालीचा ताशा:
ढोलाला हसताय सगळे, म्हणून बोलतो. केरळात मिरवणुकीला "नासिक ढोल" म्हणून वाजवतात, नावासकट. इथे विसर्जनाला मंडळं पुण्याहून पथक मागवतात! आम्ही दोरीचा ढोल वाजवायचो. पाऊस आला की पान, म्हणजे ढोलाचं कातडं, ढिलं पडायचं, वाजवता वाजवता दोऱ्या आवळायच्या, बोटं सोलून निघायची. आता नट-बोल्ट, फायबरचं पान. आवाज कसा, तर डब्यावर काठी मारल्यासारखा.

आणि तुमच्या त्या इंडीवाल्यांचं, कंपनीशिवाय स्वतःची गाणी काढणाऱ्यांचं, सांगतो. दोन वर्षांपूर्वी सरावाला एक पोरगा आला. "काका, जरा लूप पाहिजे, गाण्यात परत परत फिरवायला तुकडा." अर्धा तास वाजवून दिलं. गाणं निघालं ते भाच्याने मोबाईलवर ऐकवलं तेव्हा कळलं. पथकाचं नाव नाही, साधा चहा नाही.

पेठवाला:
तुम्ही निदान शहरात आहात, भाच्याने तरी ऐकवलं. आमच्याकडचा, पेठ तालुक्यातला, एक म्हातारा पावरी वाजवतो. भोपळा आणि बांबू, मेणाने सांधलेले, स्वतः बनवतो. गाल फुगलेले, श्वास कधी घेतो दिसत नाही. दर हिवाळ्यात कुणीतरी शहरातून माईक घेऊन येतं, "अस्सल" म्हणतं, जातं. मागच्या वेळी आलेले बिस्किटाचे पुडे देऊन गेले. माणूस सत्तरीचा आहे हो, पुडे काय देता?

प्लगइनभक्त:
वाईट आहे, पण लोकसंगीत कुणा एकाचं नसतं. हजार वर्षं वाजतंय. त्याचे पैसे द्यायचे कुणाला?

गोदाकाठची:
चाल कुणाची नाही, बरोबर. पण त्या दिवशी त्या म्हाताऱ्याने वाजवलेलं वादन त्याचं आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३८. कलावंताचा हक्क, ५० वर्षं. न विचारता रेकॉर्ड करणं हेच मुळात चूक. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीतही वाटा. कोर्टात कारकुनी केलीय मी, सही नसलेल्या कागदाची काय किंमत ते बघितलंय.

प्लगइनभक्त:
रॉयल्टी! माझ्या सगळ्या गाण्यांचे मिळून वर्षाला २१४ रुपये आले. म्हाताऱ्याला किती पाठवू, ढोलवाल्या काकांना किती? वाइनयार्डच्या फेस्टिवलला मुंबईचे बँड येतात, आम्ही तिथे पार्किंगच्या पट्ट्या लावल्यात. गावात गायला बसलं की दहाला पोलीस. आधी आम्हाला कुणीतरी द्या, मग आम्ही पुढे देतो.

भद्रकालीचा ताशा:
म्हणजे वरून नाही मिळालं म्हणून खालच्याचं मारायचं? वा रे भो.

प्लगइनभक्त:
मारलं कुणी? लूप दुसऱ्याने नेला आणि शिव्या मला!

भद्रकालीचा ताशा:
शिवी दिलीच नाही अजून.

सातपूरकर:
माझ्या धाग्यावर माझंच राहिलं बाजूला. पण पावरीचा विषय निघालाय तर सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी काढेलच. मीही गेलो होतो, पेठला नाही, सुरगाण्याच्या बाजूला. रात्री अंगणात रेकॉर्ड केलं. घरी आणून बघतो तर सूर पेटीच्या काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी. आधी मी कॉम्प्युटरवर पावरीच खेचून पट्टीत बसवली. मेली ती. प्लॅस्टिकची पिपाणी झाली. मग तिला मूळ जागी ठेवून सिंथ, बेस, सगळं तिच्या सुराला आणलं. तेव्हा ट्रॅक उभा राहिला.

गोदाकाठची:
म्हणजे माझंच खरं, तुम्हाला सूर जुळवावा लागलाच. फक्त तानपुऱ्याऐवजी पावरीला. असो, पैसे दिलेत का?

सातपूरकर:
पाचशे. आणि नाव गाण्याखालच्या वर्णनात टाकलं.

पेठवाला:
वर्णनात. तो वाचतो का रे भाऊ वर्णन?

सातपूरकर:
नाही वाचत. मान्य. पण अंधेरीचं वाटतं हे अजूनही मान्य नाही.

गोदाकाठची:
पावरीवालं पाठवा, ऐकते. "ब्रो" असेल तर तिथेच बंद करणार.

सातपूरकर:
एकदा आहे. दुसऱ्या कडव्यात.

भद्रकालीचा ताशा:
ढोल आहे का त्यात?

सातपूरकर:
नाही काका.

भद्रकालीचा ताशा:
मग कशाला ऐकू.